अर्धा मिलिमीटर

"राहू द्या की नाक जाड," आशाबाई म्हणाल्या. "कोण बघतंय मोजून?"

"मी बघतोय ना," तात्यासाहेब म्हणाले आणि प्लास्टिकच्या विमानाच्या नाकावर पुन्हा बारीक कानस फिरवू लागले.

बजाजनगरच्या त्या घरात आठ दिवस हेच चाललं होतं. विमान वीतभर लांबीचं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं. लेक मेघा सातवीत असताना तिच्यासाठी आणलेलं, सुटे भाग चिकटवून जोडायचं खेळणं. तिनं अर्धंच जोडलं आणि ते माळ्यावर जाऊन पडलं. पुढं पोरगी नेमकं त्याच जातीचं खरं विमान चालवायला शिकू लागली. गेल्या महिन्यात ती एकटीच उडाली, आणि उतरताना धावपट्टीवर गवत कापायचा ट्रॅक्टर आडवा आला. ट्रॅक्टरवाला जागीच गेला, मेघा दुसऱ्या दिवशी.

चौकशीच्या कच्च्या अहवालात लिहिलं होतं: ट्रॅक्टर समोर दिसत असूनही शिकाऊ वैमानिकानं दुर्लक्ष केलं. हरकत घ्यायची तर सोमवारच्या आत.

ती ओळ तात्यासाहेबांच्या जिवाला लागली होती. पोर गेली ती गेली, पण माणूस मारल्याचा ठपका तिच्या नावावर राहू द्यायचा? वाळूजच्या कारखान्यात, साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी ठरवलं, हे जुनं विमान मापाला हुबेहूब करायचं. सीटवर मेघाच्या उंचीची बाहुली बसवायची. तिच्या डोळ्यापासून ट्रॅक्टरच्या जागेपर्यंत दोरा ताणायचा. दोरा विमानाच्या नाकाला अडला, तर मेघाला ट्रॅक्टर दिसलाच नव्हता. मग घ्या म्हणावं साहेब, बघा तुमच्या डोळ्यांनी.

पहिल्या दिवशी दोरा अडला होता. आशाबाईंनी लगोलग देवापुढं साखर ठेवली. पण तात्यासाहेबांनी व्हर्नियर लावला, माप खऱ्या विमानाच्या नकाशाशी ताडून पाहिलं, आणि त्यांचं तोंड उतरलं. खेळणं स्वस्तातलं, साचा जुनाट. नाक चांगलं दीड मिलिमीटर फुगलेलं. त्यांनी ते घासलं. सीट नकाशाप्रमाणं नवी कापली. खिडकीची जाड चौकट तासून कागदाएवढी केली. खोट्या मापानं पोरीला सोडवायची नाही, हा त्यांचा हेका.

"झालं," ते म्हणाले आणि दोरा ताणला.

दोरा सरळ गेला. कुठंच अडला नाही.

आशाबाईंनी दोऱ्यावरून बोट फिरवून पाहिलं. "म्हंजी दिसत व्हता तिला?"

"व्हय."

"मग कशाला केलं हे? आठ दिस कशाला डोळे फोडले? तिलाच गुन्हेगार ठरवायला?" त्या ओक्साबोक्शी रडू लागल्या. तात्यासाहेब दुसरीकडं बघत होते. त्यांनाही रडू येत होतं, पण बायकोसमोर त्यांना ते जमत नव्हतं.

थोड्या वेळानं आशाबाईंनी पदरानं डोळे पुसले, सीटवरची बाहुली उचलली आणि तळहातावर घेतली.

"हिला किती उंच केलं तुम्ही?"

"पाच फूट दोन. तिच्या विमानशाळेच्या फाइलीत हाय तेवढी."

"आग लागो त्या फाइलीला. तिच्या एकेका पॅन्टला खालून दुमड मी घातलीय. पाच फूट बी पुरी भरत नव्हती माझी पोर."

तात्यासाहेबांनी बाहुली चिमट्यात धरली आणि बूड घासायला घेतलं. दोनदा चिमटा निसटला. बसलेल्या बाहुलीचा डोळा अर्धा मिलिमीटर खाली आला. मग त्यांनी दोरा पुन्हा ताणला.

दोरा नाकाला अडला.

"अडला!" आशाबाई ओरडल्याच. "अगं माझे बाई, दिसलाच नाय गं तुला! अहो, बसलाव काय असे? लावा त्या चौकशीच्या साहेबाला फोन. सांगा, माझ्या पोरीचा काय गुन्हा नव्हता."

तात्यासाहेबांनी फोन हातात घेतला, पण लावला नाही.

"पर एक कळंना मला," आशाबाई म्हणाल्या. "तिची ती मैत्रीण, सायली. ती बी ठेंगणीच, जेमतेम पाच फूट. तिला सीटवर उशी देत्यात, वरून समोरचं दिसावं म्हणून. मेघाच सांगायची. मग आपल्या पोरीनं का नाय मागितली उशी?"

तात्यासाहेबांनी फोन खाली ठेवला. उशी मागितलीस तर उंची मोजतील, मी ओळखीच्या डॉक्टरकडून आणलेला उंचीचा दाखला खोटा निघेल आणि पाच फुटांखाली घेत नाहीत म्हणून तुला घरी पाठवतील, तेव्हा अजिबात मागायची नाही, असं मेघाला फोनवर त्यांनीच बजावलं होतं.