दगडांची बॅच

"दोर घट्ट बांधू का सैल?" चंदरने विचारलं.

"आज कसला दोर?" उत्तरा म्हणाली. "आज परीक्षा आहे, विसरलास?"

तो खरंच विसरला होता. सवयीने आणलेला दोर त्याने खांद्यावर टाकला आणि ओशाळं हसला. उत्तराला हसू आलं नाही. सकाळपासून तिला भीती वाटत होती, आणि गंमत म्हणजे तितकाच आनंदही होत होता. आज होणार, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

बी.एस्सी.ला हजेरी लागते, प्रॅक्टिकलची जर्नल्स सही होऊन यावी लागतात, हे सगळीकडेच असतं. पण अंधेरीच्या या कॉलेजच्या संस्थापकांनी एक जगावेगळा हट्ट धरला होता. कॉलेजच्या स्विमिंग टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पोहून दाखवल्याशिवाय शेवटच्या वर्षाचा फॉर्म युनिव्हर्सिटीकडे जायचाच नाही. फॉर्म नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर डिग्री नाही. संस्थापक केव्हाच देवाघरी गेले, हट्ट मात्र मागे ठेवून गेले.

उत्तरा केमिस्ट्रीत पहिली. पाण्यात साफ दगड. दोनदा नापास झालेली, दोन्ही वेळा नाकातोंडात पाणी जाऊन. ही शेवटची संधी होती. मुलुंडच्या एका शाळेने जूनपासून विज्ञानाच्या बाईंची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, अर्थात डिग्रीच्या बोलीवर. ती जागा तिला मनापासून हवी होती.

पोहण्याची परीक्षा घेणाऱ्या नंदकिशोर सरांनी तिच्यासारख्या मुलींची वेगळी बॅच केली होती. कॉलेजभर तिला 'दगडांची बॅच' म्हणत. सरांनी ती चंदरच्या हवाली केली. चंदर उत्तराच्याच वर्गातला, वेसाव्याच्या कोळीवाड्यातला, घरची होडी असलेला. तो पहिल्याच वर्षी पोहण्यात पास झाला होता आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नव्हतं.

मुलींना मुलगा शिकवणार म्हटल्यावर उत्तराचे वडील, ज्यांना घरात सगळे भाऊ म्हणत, ऑफिसला दांडी मारून टँकवर येऊन बसले. पोहणाऱ्या मुलीच्या कमरेला बांधलेला दोर धरून चंदर काठाकाठाने चालत होता. त्याच्या पँटची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. भाऊ निश्चिंत होऊन घरी आले.

"सभ्य मुलगा आहे," त्यांनी जाहीर केलं. "मुली पाण्यात असल्या की पायाचं नखसुद्धा भिजवत नाही. हल्ली असे संस्कार राहिलेत कुठे?"

उत्तराची मैत्रीण क्षमा एवढी भाबडी नव्हती. तिने एकदा छेडलंच, "काय रे, तू कधी उतरणार?"

"या गोड्या पाण्यात? छ्या," चंदर म्हणाला. "आपल्याला खारं लागतं."

सगळ्या बॅचने तेव्हा हसून घेतलं. पण तो शिकवायचा झकास, हे क्षमाही कबूल करायची.

"पाण्याशी भांडू नकोस गं," तो उत्तराला सांगायचा. "होडी कधी हातपाय झाडते का? तरी तरंगते ना? अंग सोडून दे."

ज्या दिवशी तिने अंग सोडलं, त्या दिवशी ती तरंगली. मग हळूहळू हातपायही चालायला लागले.

"उत्तरा, तयार?" सरांनी हाक मारली. काठावर गर्दी झाली होती. शिट्टी वाजली.

तिने भिंतीला पाय मारला. पहिला टप्पा कसा गेला ते तिला कळलंच नाही. मग खालची फरशी गडद दिसायला लागली. इथूनच खोल पाणी सुरू व्हायचं, आणि दोन्ही वेळा तिची वाट इथेच लागली होती. हातपाय वेडेवाकडे पडायला लागले. तिने मान वळवली. काठावर चंदर तिच्याबरोबर चालत होता, खांद्यावर दोर, डोळे तिच्यावर. चंदर आहे, तिने स्वतःला सांगितलं. बुडलेच तर तो उडी मारेल. त्या एका विचारावर तिचं अंग पुन्हा सैल झालं. हात पुढे पडत गेले आणि एकदम बोटांना पलीकडची भिंत लागली.

"पास!" सर ओरडले.

काठावर नुसता दंगा उसळला. क्षमा जागच्या जागी उड्या मारत होती. उत्तराला रडावं की हसावं कळेना. एका हाताने शिडी धरून ती धापा टाकत होती आणि मुलुंडच्या शाळेचा फळा तिला डोळ्यांसमोर दिसत होता.

चंदर तिला वर घ्यायला वाकला. त्याने हात पुढे केला. कडक इस्त्रीची पँट, कोरडे केस, चेहऱ्यावर तिच्याहून जास्त आनंद. आज तरी याला सोडायचा नाही, असं तिच्या मनात आलं. तिने तो हात घट्ट धरला आणि जोरात खेचला.

धप्पकन आवाज झाला आणि चंदर दोरासकट पाण्यात गेला. सगळा काठ हसायला लागला.

"आता बघा गंमत," नंदकिशोर सर म्हणाले. "तळाला हात लावून येईल."

दोर वर आला. चंदर आला नाही. लोक टाळ्या वाजवून त्याला चेव आणत होते. उत्तराही हसत होती. हसता हसता तिने खाली पाहिलं. चंदर पाण्याशी भांडत होता.

शिडी न सोडता तिने बुडी मारली, हाताला लागली ती कॉलर पकडली आणि सगळा जीव एकवटून त्याला वर ओढलं. त्याने शिडीला मिठी मारली. टाळ्या आणखी वाढल्या. एवढ्या लोकांना तो खेळच वाटत होता.

"चंदर, तू..." तिचा आवाज चढला.

"हळू बोल," तो खोकत तिच्या कानाशी पुटपुटला. "वाजू दे टाळ्या. नाहीतर माझी डिग्री गेली. परीक्षेत सरांनी मला नुसतं गाव विचारलं होतं."