वारा आणि वार

“वनमाला, परडी कोरडी ठिवायची न्हाई. दर शुक्रवारी पाच घरं मागायची. जिथं असशील तिथं.”

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी शुक्रवारी सकाळी परडी हातात घेतली की हा आवाज येतोच. आजही आला. वनमालाबाईंनी वेताच्या परडीला हळदकुंकू वाहिलं, कवड्यांची माळ गळ्यात घातली आणि जोगव्याला निघता निघता त्या बाहेरच्या खोलीत थबकल्या.

वसंतरावांनी फरशीवर नकाशा अंथरला होता. कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, खलबत्त्यातला बत्ता. फोन स्पीकरवर. मालवणला नोकरीला असलेल्या अनिरुद्धनं मित्राबरोबर एक जुनी शिडाची होडी डागडुजी करून घेतली होती. मे महिन्यात आईबाबांना तिच्यातून आठवडाभर बेटं दाखवायची, असं त्याच्या मनात होतं.

“लॉज नाही, इंजिन नाही, डिझेल नाही,” वसंतराव खुशीत म्हणाले. “झोपायचं होडीत, खायचे घरचे धपाटे. वारा तर फुकटच. बस की, बघ.”

त्या टेकल्या. निळ्या रंगावर बोट ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. गळ्यातल्या कवड्या समुद्रातनं आलेल्या. त्या स्वतः मात्र तुळजापूर सोडून मोठं पाणी बघायला कधी गेल्या नव्हत्या.

“अनिरुद्ध, जवळ कुणी नसलं तरी समुद्राचा आवाज येत असतो का रे?”

“येतो की. रात्री होडीच्या फळीला कान लावून झोप, आई. आपल्याशीच बोलतोय असं वाटतं.”

त्या हसल्या. बोट हळूहळू बेटांवरून फिरलं. “शुक्रवारी आपण कुठं असू?”

“शेवटच्या बेटावर. तिथं वस्ती नाही, नुसते पक्षी.”

“मग पाच घरं?”

“त्या दिवशी गावाच्या किनाऱ्याला लागायचं बघू. पण शब्द देत नाही, आई. वारा पडला तर होडी जागची हलत नाही. वारा वार बघत नाही.”

“एखादा शुक्रवार चुकला तर देवी समजून घेईल,” वसंतराव म्हणाले.

“देवी घेईल हो. शब्द मी सासूबाईंना दिलाय.” त्यांनी बोट उचललं. “तुम्ही बापलेक जाऊन या. मी धपाटे करून देते.”

अनिरुद्धनं फोन ठेवला. वसंतराव नकाशाकडं बघत राहिले.

“पोटचा पोरगा मी. पण परडी देताना आईनं मला विचारलंसुद्धा न्हाई.”

“तुम्हाला?” त्यांना हसू फुटलं. “शेजारी विरजण मागायला धाडलं तर हात हलवत परत येता. म्हणे, दार लोटलेलं होतं!”

“परडी घराची का बाईची?”

“घराची.”

“मग झालं. तू जा अनिरुद्धबरोबर. त्या आठवड्याची पाच घरं मी मागतो.”

“आणि तुम्ही समुद्र कधी बघणार?”

“मी बघितलाय की,” म्हणत त्यांनी नकाशाकडं हात केला.

वनमालाबाईंनी परडी पदराआड घेतली. “परडीसमोर असं बोलू नका,” त्या म्हणाल्या. “शब्द लागतो.”

“लागू दे. आजपासनंच शिकतो.”

वसंतरावांनी त्यांच्या हातातली परडी घेतली. सवयीनं पाय चपलेत घातले, मग काढले आणि अनवाणी गल्लीत उतरले. साऱ्या नोकरीत साहेबाकडं रजासुद्धा तोंडानं न मागितलेला माणूस शेजारच्या सीताबाईंच्या दारात घसा खाकरत उभा राहिला. मोठ्यानं पुकारायचं होतं, ते कुजबुजल्यासारखं निघालं.

“आई राजा उदो उदो...”

“अगं बया! वसंतराव, आज तुम्ही?” सीताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “वैनी कुठं गेल्या?”

आपल्या दाराआड उभ्या असलेल्या वनमालाबाईंना उत्तर ऐकू आलं.

“समुद्रावर,” वसंतराव म्हणाले, आणि त्यांनी परडी पुढं केली.