पाणलोटाबाहेर

एनिडने बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं आणि धरणाच्या दगडी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. डब्यात तिचा नवरा हॅरल्ड होता, म्हणजे त्याची राख.

"ओत की गं," नणंद मेव्हिस म्हणाली. "अडतीस वर्षं याच पाण्याची राखण केली माझ्या भावाने. दुसरीकडे कुठे जीव रमणार त्याचा?"

"त्या अडतीस वर्षांत कुणाला पायाचं बोट बुडवू दिलं नाही त्याने. तुझ्या कुत्र्यालासुद्धा काठी घेऊन हाकललं होतं."

"मुकं जनावर ते, तहानलेलं होतं!"

माणूस इथेच राहावा, एवढं एकच एनिडला हवं होतं. डबा तिने कठड्यावर टेकवला, तेवढ्यात गेल आली. हल्ली राखणीचं काम तिच्याकडे होतं आणि ते तिला हॅरल्डनेच शिकवलं होतं. डबा पाहून ती काय ते समजली.

"एनिडमावशी, नाही चालायचं. खाली शहरात लोक या पाण्याचा चहा करतात."

"हे त्याचंच वाक्य."

"त्यांचंच."

"बरं, मग इथे माळावर?"

"माळावरचा थेंबन् थेंब चरांतून इथेच येतो. चर त्यांनीच साफ ठेवले ना जन्मभर!" गेलने वरच्या कड्याकडे हात केला. "तो हद्दीचा दगड दिसतोय? त्याच्या पलीकडचं पाणी तेवढं इकडे येत नाही."

"पलीकडे लँकेशायर आहे!" मेव्हिस किंचाळली.

इकडचं यॉर्कशायर आणि पलीकडचं लँकेशायर यांचं पिढ्यान्पिढ्यांचं हाडवैर; हॅरल्डच्या घरात लँकेशायरचं चीज कधी आलं नव्हतं. क्रिकेटमध्ये लँकेशायर जिंकायला लागलं की हॅरल्ड रेडिओ बंद करून कोंबड्यांना दाणे टाकायला निघून जायचा.

"मरेल पण तिथे जायचा नाही तो," मेव्हिस म्हणाली.

"मेलाच आहे तो, मेव्हिस." एनिडने झाकण घट्ट लावलं. "नियम त्याचा आहे. माझ्या हातून मोडायचा नाही."

तासभर चढ होता. हेदरच्या झुडपांत पाय अडकत होते आणि मेव्हिसच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. गेल सोबत आली होती. एकावन्न वर्षं संसार केला आणि अखेर याला परक्यांच्या दारात टाकायचं, या विचाराने दगडापाशी पोचताच एनिडला रडू फुटलं.

ती दगडाच्या पलीकडे चांगली दहा पावलं गेली.

"माफ कर रे, हॅरल्ड," ती म्हणाली आणि तिने डबा उपडा केला.

पश्चिमेकडून वारा असा उठला की मेव्हिसने दोन्ही हातांनी टोपी धरली. चिमूटभर राखही लँकेशायरच्या मातीला लागली नाही. तिघींच्या डोक्यांवरून, दगडावरून ती उलटी फिरली आणि उतारावरून सरळ धरणाकडे निघाली.

"गेला! घरी गेला माझा भाऊ!" मेव्हिस ओरडली.

एनिडने रिकामा डबा छातीशी धरला आणि भीत भीत गेलकडे पाहिलं.

गेलने खालच्या पाण्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे पाण्याची राखण आहे, मावशी," ती म्हणाली. "वाऱ्याची नाही."