लपायला दगड

"सिक्लिड माशाने तिसरी मादी मारली. नवी द्या," माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात येऊन जावई तालंत हसला.

"नर भांडखोर आहे. साठ लिटरच्या टाकीत मादी पळणार कुठे? दोनशे लिटरची घे, आत लपायला दगड रच."

"आमची एकच खोली. मादीनेच जुळवून घ्यायचं."

मागे माझी मुलगी आयपेरी उभी होती, डोक्यावरचा रुमाल गालावर ओढून. वर्षापूर्वी त्याने तिला लग्नासाठी जबरदस्तीने उचलून नेलं, तेव्हा मी आणायला गेलो होतो. त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी मला बसवून चहा पाजला. "दगड पडतो तिथेच जड होतो," नव्या नवरीला ऐकवतात ती म्हण, एवढंच तिला सांगून मी एकटाच परतलो.

आज पिशवीभर दगड फुकट दिले.

"जड आहे, पोरी. मी घरी आणून देतो."

"नको, बाबा. मागे आला होतात ना."