साडेसातचा शब्बाथ

साडेसातला पाच मिनिटं कमी होती आणि वॉटफर्डच्या कम्युनिटी हॉलमागच्या खोलीत अजून ऊन होतं. हाईम केहिमकर खुर्चीत आरामात बसला होता. गिटारची पेटी पायाशी, बंद. शेजारी फ्लोरा, त्याची बायको, मांडीवर थर्मास घेऊन.

दार ढकलून कीथ आत डोकावला. जुन्या रॉक अँड रोलचा हा कार्यक्रम दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तोच भरवायचा. यंदा त्याला कुठल्याशा रद्दीत १९५९ सालचं एक पोस्टर सापडलं होतं. समुद्रकाठच्या डान्स हॉलचं. त्यावर गिटार उगारलेला सावळा पोरगा, खाली नाव: रिकी डेन. तो पोरगा म्हणजे दोन गल्ल्यांपलीकडचे मिस्टर केहिमकर हे कळल्यापासून कीथने पिच्छा सोडला नव्हता.

"रिकी, चल. लोक पाय आपटतायत."

"नऊनंतर," हाईम म्हणाला. "फोनवर सांगितलं होतं तुला."

"मला वाटलं, गंमत करतोयस! नऊनंतर ग्लासगोचा बँड आहे, दोस्ता. आत्ता, नाहीतर नाही." दार आपटून कीथ गेला.

फ्लोराने थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

"अहो, जा ना. आईंच्या घड्याळाने शब्बाथ संपला."

शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस: शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत काम, कमाई, वाद्य वाजवणं बंद. आईंचं घड्याळ मुंबईचं. बाविसाव्या वर्षी हाईम बोटीत चढला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली होती: गा, नाच, काय वाटेल ते कर, पण शब्बाथ संपल्याशिवाय स्टेजवर पाऊल ठेवायचं नाही. साडेसात वाजले की तू मोकळा. मुंबईत त्या सुमाराला दिवे लागलेले असतात. इंग्लंडात जुलैतला सूर्य नऊ वाजून गेले तरी हलत नाही, हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार? पोरगा सबंध उन्हाळा दर शनिवारी साडेसातच्या ठोक्याला स्टेजवर चढला. पोरी किंचाळायच्या. पेपरात फोटो आला. एजंटाने रेकॉर्डचं बोलणं लावलं.

आणि मग एका सकाळी लंडनच्या सिनेगॉगच्या पायरीवर, पेपरातला तो फोटो पाहिलेली एकोणीस वर्षांची फ्लोरा त्याला म्हणाली, "मिस्टर, इथे शब्बाथ रात्री साडेदहाला संपतो. सूर्य दिसत नाही का तुम्हाला?"

त्याने शनिवारचे कार्यक्रम सोडले. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो, तेव्हा गाईन, असं तो एजंटाला म्हणाला. मला गायक हवाय, सांताक्लॉज नको, असं एजंट म्हणाला. झालं. रिकी डेन संपला आणि हाईम पोस्टात चिकटला. पुढच्या वर्षी त्याचं फ्लोराशी लग्न झालं. संसार सुखाचा झाला. पण टीव्हीवर चकचकीत कोटातला एखादा म्हातारा गायक दिसला, की फ्लोरा घाईघाईने चहा टाकायला उठायची.

आज मात्र तिला राहवलं नाही.

"माझ्यामुळे झालं सगळं. तेव्हा जीभ आवरली असती, तर आज कुठल्या कुठे असता तुम्ही. निदान आज तरी जा. हवं तर मी डोळे मिटून घेते."

हाईम हसला. "फ्लोरा, मी मुंबईहून आलो होतो, आंधळा नव्हतो. ऊन थेट डोळ्यांत यायचं स्टेजवर. पहिल्याच शनिवारी कळलं होतं मला."

"मग?"

"मग काय! आई साडेसात म्हणाली, मी साडेसात धरले. ती कुठे येणार होती बघायला? पण आतून वाटायचं, कुणीतरी आपला कान धरावा. रोज एवढी माणसं सही मागायची, कान काही कुणी धरेना. तू धरलास."

"म्हणून गाणं सोडलंत?"

"म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा त्या पायरीवर आलो. पावडर जरा जास्तच लावली होतीस त्या दिवशी."

"काहीतरीच तुमचं," फ्लोरा म्हणाली. तिने थर्मास उघडून चहा ओतला, तो कपात कमी, बशीत जास्त पडला. हॉलमध्ये दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या. दोघांनी सावकाश चहा घेतला. बिस्किटांचा पुडा संपवला.

नऊ वाजता हाईमने खिडकीतून आभाळ पाहिलं, तीन चांदण्या मोजल्या आणि पेटी उघडली.

स्टेजवर आता बँडच्या वायरी जोडणं चाललं होतं. म्हणून तो मागच्या अंगणात गेला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी पायरीवर बसला आणि त्याने पहिली तार छेडली. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. तिसऱ्या ओळीला त्याने तो फाटलेलाच वापरला. सिगारेटी ओढत उभे असलेले लोक वळले. स्वयंपाकघरातल्या दोघी हात पुसत बाहेर आल्या आणि एकमेकींना धरून गिरक्या घ्यायला लागल्या. कीथ दारात तोंड उघडं टाकून उभा राहिला. ग्लासगोच्या बँडमधला उंच पोरगा आपला माणसाएवढा डबल बास उचलून बाहेर घेऊन आला आणि नेमका फ्लोराच्या पुढ्यात उभा राहिला.

"तुमचे मिस्टर नेहमीच असं गातात का हो?" तारा जुळवता जुळवता त्याने विचारलं.

"मला काय माहीत? मीसुद्धा आज पहिल्यांदाच ऐकतेय," फ्लोरा म्हणाली. "आणि जरा बाजूला हो बघू. मला दिसत नाहीयेत ते."