बरणीचं राहिलंय

भिंतीवरचा आकडा एकशे सत्तरवर अडला होता. गोळ्या ठरवायला यंत्रं होतीच. रक्तदाबतज्ज्ञाचं प्रमाणपत्र हवं असेल तर रुग्णाचा दाब नुसत्या बोलण्यानं दीडशेखाली आणावा लागे. मागच्या दोन्ही परीक्षांत डॉ. शाहीन मुल्लांनी मीठ सोडायला सांगितलं आणि आकडा चढला होता.

समोरचे सुतारकाका म्हणाले, "लोणचं बंद करा म्हणाल आता."

"घरी कोण घालतं?"

"बायको घालायची. तिच्या हातची शेवटची बरणी उरलीय."

शाहीननं हातातली आहाराची यादी उलटी ठेवली. "कैऱ्या कुठल्या आणायच्या त्या?"

काका थेट झाडापासून सांगू लागले.

बऱ्याच वेळानं परीक्षक म्हणाले, "एकशे बेचाळीस. उत्तीर्ण झालात, डॉक्टर."

शाहीननं मान वळवली नाही. "थांबा जरा. त्यांचं बरणीचं राहिलंय."