दुसरं हँडल

संगणकाच्या पडद्यावर हँडलची लांबी कमी कमी होत शून्यावर आली आणि ग्रॅमसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. रविवारची दुपार होती. कारखान्याच्या डिझाइन विभागात त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. त्यामुळे "जमलं!" हे त्यांनी पडद्यालाच सांगितलं.

पडद्यावर चौकटी होत्या आणि चौकटींना जोडणारे बाण. एका चौकटीत चाकाच्या खुर्चीचा आकार ठरायचा, दुसरीत तिची मजबुती तपासली जायची, तिसरीत वजन निघायचं. तिथून बाण पुन्हा पहिल्या चौकटीकडे वळायचा आणि नवा आकार सुरू. माणसानं फक्त काय हवं ते सांगायचं. ग्रॅमसाहेबांनी सांगितलं होतं, खुर्ची हलक्यात हलकी हवी आणि बसणाऱ्याला ती एकट्यानं चालवता, वळवता, मोटारीत चढवता आली पाहिजे. शुक्रवारपासून चौकटी कामाला लागल्या होत्या. त्यांनी हजारो खुर्च्या रचल्या, मोडल्या, आणि शेवटी पाठीमागची ढकलायची हँडलं पार पुसूनच टाकली. ज्याला कुणाची गरज नाही, त्याच्या खुर्चीला हँडल कशाला?

वजनाच्या मागे हात धुऊन लागायचे म्हणून विभागात त्यांना सगळे ग्रॅमसाहेब म्हणायचे. साधा स्क्रूसुद्धा ते तळहातावर तोलून बघत. पण या खुर्चीची गोष्ट वेगळी होती. त्यांची आई शेवटची काही वर्षं चाकाच्या खुर्चीत होती. "उठसूट तुला हाक मारावी लागते रे, जीव नकोसा होतो," असं ती म्हणायची. ती गेली आणि घराचा आवाजच गेला. संध्याकाळी ग्रॅमसाहेब कुलूप काढत, रेडिओ लावत आणि मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. पलीकडे कुणी बोलतंय असं वाटायचं. कुणालाच कुणाला हाक मारावी लागू नये अशी खुर्ची करायची, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

नमुना तयार झाला. चाचणीला कोचबाई आल्या, एकेकाळच्या खेळाच्या प्रशिक्षक. अपघातानं पाय गेले तरी त्यांचा आवाज अजून मैदानावरचाच होता. सोबत त्यांचे यजमान होते, चष्म्यांचं दुकान मुलीवर सोपवून निवृत्त झालेले. बाईंनी कारखान्यामागच्या आवारात खुर्ची पळवली, जागच्या जागी गरकन फिरवली, मोटारीत सरकून बसल्या आणि एका हातानं खुर्ची आत ओढून घेतली. विभागप्रमुख टाळ्या वाजवायचेच बाकी होते.

"फक्कड झालीय!" बाई म्हणाल्या. "पण मागे धरायला काहीच कसं नाही?"

"तुम्हाला आता कुणी ढकलायची गरजच नाही," ग्रॅमसाहेब अभिमानानं म्हणाले.

"मला कोण ढकलतंय! अहो, आमच्या ह्यांना दिसत नाही. जन्मभर लोकांना चष्मे लावले आणि आता समोरचा खांब दिसेना. मी खुर्ची चालवते आणि हे मागून धरून येतात. आता ह्यांनी धरायचं काय, माझी वेणी?"

सगळे हसले. यजमानही हसले. पण हसता हसता त्यांचा उजवा हात खुर्चीच्या पाठीमागे हवेत काहीतरी चाचपत होता. ग्रॅमसाहेबांना तो हात दिसला. त्यांना काही हसता येईना.

ते आपल्या जागेवर जाऊन बसले. एक नवी चौकट काढली, तिच्यात लिहिलं, 'सोबत चालणाऱ्याचा हात', आणि बाण जोडले. चौकटी पुन्हा फिरल्या. उत्तर आलं, उजवीकडे एक हँडल. एक माणूस, एक हात, एक हँडल. हिशेब बिनचूक होता. मजबुतीत उणं नाही, तोलात फरक नाही, वजनही जेमतेमच वाढलेलं.

ग्रॅमसाहेब कितीतरी वेळ त्या एकट्या हँडलकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत चौकटींचं उत्तर त्यांनी कधी खोडलं नव्हतं. आज खोडलं आणि डावीकडेही एक हँडल स्वतःच्या हातानं रेखाटलं.

"दोन कशाला?" विभागप्रमुखांना खरं वाटेना. "वजन वाढवताय? आणि तेही तुम्ही?"

"तोलासाठी," ग्रॅमसाहेब म्हणाले.

तोल एकातही साधत होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. प्रमुखांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मंजुरीची सही केली.

नवी खुर्ची न्यायला कोचबाई संध्याकाळच्या आल्या. यजमानांच्या हाताला हँडल लागलं तसा त्यांचा खांदा सैल झाला. दोघं निघाले. "खड्डा आहे, जरा डावीकडून... हां, आता सरळ," बाई पुढून सांगत होत्या. यजमान मागून, दिवसभरातलं काहीतरी सांगत, निवांत चालत होते. सुटी झालेली माणसं घोळक्यानं त्यांच्या बाजूनं बाहेर पडत होती. ग्रॅमसाहेब पायरीवर उभे राहून बघत राहिले. घरी जायची घाई त्यांना कधीच नसायची.

फाटकाशी खुर्ची थांबली. बाईंनी ती गरकन वळवली.

"अहो ग्रॅमसाहेब!"

ग्रॅमसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतेय! नुसते बघत काय उभे राहिलात? तळ्यावर फिरायला चाललोय आम्ही. या की, हे दुसरं हँडल मोकळंच आहे!"